महिंद्रा अँड मोहम्मद

३ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार. जुम्याची नमाज पढून मी, माझा धाकटा भाऊ आणि अब्बा असे तिघं गाडी आणायला गेलो. आदल्या दिवशी दसरा होता. तेव्हा शोरूमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती म्हणे. आम्ही पोहोचलो तेव्हा झेंडूच्या पाकळ्या फरशीवर तशाच पडल्या होत्या, फोडलेल्या नारळांच्या करवंट्या एका कोपऱ्यात झाडून ठेवल्या होत्या आणि आमची पांढरी पिकअप एकटीच उभी होती. सेल्समन पोरानं सवयीनं हार आणि नारळ विचारला. अब्बा म्हणाले, "हार डालो बेटा, फूल तो फूल है. नारियल नक्को." पोरगा हसला, हार घातला आणि किल्लीचा तो पुठ्ठ्याचा मोठा नमुना आमच्या हातात देऊन त्यानं फोटो काढला.

कागदपत्रांवर सह्या चालू असताना मी त्या पोराला सहज विचारलं, "या कंपनीचं पहिलं नाव काय होतं, माहीत आहे का?" तो म्हणाला, "हेच की सर, महिंद्रा अँड महिंद्रा." मी म्हटलं, "नाही. महिंद्रा अँड मोहम्मद." त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. त्यानं मोबाइल काढला, शोधलं आणि मान वर करून म्हणाला, "खरंच की! आणि तारीख बघा, २ ऑक्टोबर १९४५. म्हणजे कालच ऐंशी वर्षं झाली." मग लगेच पुढचा प्रश्न आला, "मग तो मोहम्मद कुठं गेला?"

"पाकिस्तानात," मी म्हणालो आणि म्हणताना थोडा अडखळलो. 'पाकिस्तानात' हे उत्तर आम्ही लहानपणापासून दुसऱ्या सुरात ऐकत आलोय. त्या पोराच्या मनात तसलं काही नव्हतं, त्याला खरोखरच कुतूहल होतं. पण माझं उत्तर फार तोकडं होतं, म्हणून हा लेख. आधी गाडीचं सांगतो, कारण गाडीमुळंच हे सगळं आठवलं.

आम्ही नळदुर्गचे बागवान. मी शिकलो, बी.एड. केलं आणि धाराशिवला उर्दू शाळेत मराठी शिकवायला लागलो. धाकटा फळं आणि भाजीच्या धंद्यातच राहिला. आसपासच्या गावांतून टोमॅटो, सीताफळं, डाळिंबं, द्राक्षं उचलायची आणि सोलापूरच्या बाजारात घालायची, हा आमच्या घराचा तीन पिढ्यांचा उद्योग. नळदुर्गला रेल्वे कधी आली नाही. जे काही आलं-गेलं ते सोलापूर-हैदराबाद रस्त्यानं. त्यामुळं आमच्या घरात वर्षं मोजायची तर वाहनावर मोजतात: बैलगाडी होती तेव्हा, डुक्कर होतं तेव्हा, छोटा हत्ती घेतला तेव्हा.

डुक्कर म्हणजे बजाज टेम्पोची तीनचाकी, हान्सिट. पुढं निमुळतं तोंड, म्हणून अख्ख्या महाराष्ट्रानं तिला ते नाव ठेवलेलं. अब्बांनी १९८४ साली जुनी एक घेतली, पण ते नाव घरात घ्यायची बंदी होती. अम्मी तिला 'तिपाई' म्हणायची. गल्लीतली पोरं मात्र मुद्दाम ओरडायची, "बागवानाच्या दारात डुक्कर!" पुण्याच्या फिरोदियांनी जर्मनीतल्या 'विडाल अँड सोन' या कंपनीशी करार करून १९५८ पासून या गाड्या बनवायला घेतल्या. त्या जर्मन कंपनीच्या गाडीचं नाव 'टेम्पो' होतं. ती कंपनी हॅम्बुर्गची. तिथं तिचं नाव आता कुणाला आठवत असेल-नसेल, पण आमच्याकडं आजही माल वाहणारी कुठलीही लहान गाडी असली तरी तिला टेम्पोच म्हणतात. १९६९ साली मॅटाडोर आली, १९८६ साली टाटाची ४०७ आली, तरी शब्द टेम्पोच राहिला. मी मुलांना परकीय शब्दांचा धडा शिकवताना 'मेज', 'चावी', 'खुर्ची' यांच्या ओळीत 'टेम्पो' घालतो, तेव्हा त्यांचा विश्वास बसत नाही.

मग २००५ साली टाटांची एस आली. दोन सिलिंडरचं ७०० सीसीचं डिझेल इंजिन, पाऊण टनाचं पासिंग आणि किंमत सव्वादोन लाखांच्या आसपास. लोकांनी तिचं बारसं 'छोटा हत्ती' असं केलं. तोपर्यंत चारचाकी म्हणजे ४०७ किंवा मॅटाडोर, म्हणजे मोठ्या व्यापाऱ्याचं काम. आमच्यासारख्या हातावर पोट असलेल्या माणसाला चार चाकं आणि वर केबिन मिळाली ती या गाडीनं. गावाकडच्या लग्नाच्या बाजारातही फरक पडला होता, हे मी स्वतः पाहिलंय. 'पोराची स्वतःची चारचाकी आहे' एवढं वाक्य पुरायचं, ती हौद्याची आहे की बसायची, हे नंतर कळायचं. धाकट्यानं २००९ साली वापरलेली एक घेतली आणि सोळा वर्षं चालवली.

यंदाच्या उन्हाळ्यात तिचं इंजिन दुसऱ्यांदा उतरवायची वेळ आली. रात्री धाकट्याचा फोन आला, "भाई, अब की बार गाडी लेनाच पडता." मग महिनाभर घरात दुसरा विषय नव्हता. मोहल्ल्यात प्रत्येकाचं मत वेगळं. कुणी म्हणे परत छोटा हत्तीच घ्या, गल्लीबोळात घुसतो, डिझेल कमी पितो. कुणाचा जीव अशोक लेलँडच्या 'दोस्त'वर, २०११ पासून ती रस्त्यावर आहे आणि नावच असं आहे की भांडायला जागा नाही. धाकट्याच्या मनात मात्र पहिल्यापासून बोलेरो पिकअप होती.

त्याचं गणित त्यानं मला कागदावर करून दाखवलं, आणि दहावीपर्यंत गणितात जेमतेम पास होणाऱ्या माझ्या भावाचं ते गणित पक्कं होतं. टोमॅटोचा भरलेला क्रेट पंचवीस किलोचा धरा. पाऊण टनाच्या पासिंगला तीस क्रेट बसतात. तेरा क्विंटलच्या पासिंगला बावन्न. नळदुर्ग ते सोलापूर जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर. डिझेल थोडं जास्त जाईल, पण एका खेपेत जवळपास पावणेदोन खेपांचा माल. "लोगां तो छोटे हाथी में साठ-साठ क्रेट डालते," मी म्हणालो. तो म्हणाला, "इसीलिए तो हाथी बैठ गया." पासिंगपेक्षा जास्त माल भरला की पहिल्यांदा पाटे बसतात, मग टायर फुटतात, मग पोलिसाचा हात पुढं येतो, आणि या तिन्हींचा खर्च कुठल्याच हिशेबात धरलेला नसतो. गाडी घेताना लोक इंजिन बघतात, रंग बघतात. धाकटा खाली वाकून पाटे मोजत होता.

लायसनची एक धाकधूक होती. त्याच्याकडं साधं हलक्या वाहनाचं लायसन. पण ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं निकाल दिलाय की साडेसात हजार किलोपर्यंतच्या एकूण वजनाचं मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या लायसनवर चालवता येतं, वेगळा शिक्का लागत नाही. याआधी अपघात झाला की विमा कंपन्या याच मुद्द्यावर हात वर करायच्या. बातमी आली तेव्हा मी ती कात्रण काढून धाकट्याला दिली होती, त्यानं ती गाडीच्या कागदांतच ठेवलीय. सप्टेंबरात दुसरी चांगली बातमी आली. २२ तारखेपासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. आम्ही थांबलो ते बरंच झालं. बरं झालं म्हणताना जीभ अडते खरी, कारण त्याच आठवड्यात आमच्या जिल्ह्यात परंडा-भूमकडं पुरानं शेतं खरवडून नेली, आणि ज्यांच्या शेतातला माल आम्ही उचलणार तेच शेतकरी पाण्यात उभे होते.

पैशाची गोष्ट मात्र कागदावरच्या गणिताइतकी सोपी नव्हती. सगळं धरून रक्कम साडेनऊ लाखांच्या घरात जात होती. जुनी गाडी विकून एक लाख, धाकट्याची बीसी उचलून दोन, माझ्याकडचे दीड. उरलेल्यासाठी कर्ज. एका फायनान्स कंपनीचा माणूस आला, चहा प्यायला, आधार-पॅनचे फोटो घेऊन गेला. चार दिवसांनी फोन केला तर म्हणतो, "सर, सिबिल चांगला आहे हो, पण तुमचा एरिया सिस्टीममध्ये बसत नाही." गल्ली बदलून दुसरा पत्ता देता येईल का, असंही त्यानं हळूच सुचवलं. बिचारा मदतच करत होता. मला आश्चर्य वाटलं नाही. सच्चर समितीनं नोव्हेंबर २००६ च्या अहवालात हेच लिहून ठेवलंय की काही बँकांनी मुस्लिमबहुल वस्त्या 'निगेटिव्ह' म्हणून वेगळ्या काढल्यात आणि तिथं कर्ज सहजासहजी दिलं जात नाही. त्या अहवालावर मी डी.एड.च्या मुलांसमोर दोनदा बोललोय. पण आपल्याच गल्लीचं नाव तसं ऐकू येणं वेगळं असतं.

शेवटी माझा पगार जिथं जमा होतो त्या बँकेनं माझ्या नावावर कर्ज दिलं. पगारदार मास्तरचा पत्ता सिस्टीममध्ये बसतो.

अब्बांचा विरोध फायनान्सच्या माणसाला नव्हता, मुळात व्याजालाच होता. "सूद की गाडी में बरकत नै रैती." त्यांनी डुक्कर घेतली तेव्हा अम्मीच्या बांगड्या विकल्या होत्या, पण व्याज दिलं नव्हतं. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. वाद घालण्याइतकं माझंही मन त्यांच्या विरुद्ध नव्हतं. रात्री मी त्यांना डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह यांच्याबद्दल सांगितलं. हैदराबादचे हे विद्वान, १९४८ साली हैदराबादची बाजू मांडायला युरोपात गेले आणि मग पॅरिसमध्येच राहिले. हैदराबाद संस्थानात बिनव्याजी कर्ज देणाऱ्या अंजुमन कशा चालत, यावर त्यांनी १९५०च्या दशकात लिहिलंय. सभासदांनी थोडी थोडी रक्कम भरायची आणि गरजवंताला त्यातून व्याजाशिवाय उचल द्यायची, अशी ती रीत. अब्बांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अब कां है वो अंजुमन?" मला उत्तर देता आलं नाही. बीसी आहे म्हणालो. बीसीत व्याज नसतं हे खरं, पण बीसीतून पिकअप येत नाही, चार क्रेट ठेवायची हातगाडी येते. साठ महिन्यांचं कर्ज चोवीस महिन्यांत फेडायचं, असं आम्ही दोघा भावांनी ठरवलं. अब्बा त्यावर काही बोलले नाहीत. हो म्हणाले नाहीत आणि नाहीही.

आता मोहम्मद.

मलिक गुलाम मुहम्मद हे लाहोरचे, जन्म १८९५ चा. अलीगढला शिकले आणि सरकारच्या रेल्वे हिशेब खात्यात अधिकारी झाले. आकड्यांचा माणूस म्हणून त्यांचं नाव होतं. दुसऱ्या महायुद्धात सरकारी खरेदी-पुरवठ्याच्या कामात ते वर चढले. याच काळात पंजाबचेच, लुधियान्याचे दोन भाऊ पोलादाच्या आणि युद्धसामग्रीच्या जगात होते. थोरले जगदीशचंद्र महिंद्रा टाटांच्या पोलाद कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते, पुढं सरकारचे पोलाद नियंत्रक झाले. धाकटे कैलासचंद्र युद्धकाळात अमेरिकेत हिंदुस्थानच्या पुरवठा कचेरीचे प्रमुख होते. एक पोलाद ओळखणारा, एक अमेरिका ओळखणारा आणि एक हिशेब ओळखणारा. या तिघांनी २ ऑक्टोबर १९४५ ला मुंबईत कंपनी काढली. सुरुवात पोलादाच्या व्यापारानं झाली. फाळणी वर्ष-दोन वर्षांवर आली असताना एक पंजाबी हिंदू नाव आणि एक पंजाबी मुसलमान नाव एका पाटीवर शेजारी लागलं, ते कुठल्या ऐक्याच्या ठरावामुळं नाही. धंदा चालेल असं तिघांना वाटलं म्हणून लागलं. आमच्या सोलापूरच्या अडतींवर अजूनही अशा जोडनावांच्या पाट्या दिसतात, त्यांच्यामागंही हेच कारण असतं.

जीप हे कैलासचंद्रांच्या अमेरिकेतल्या मुक्कामाचं फळ. युद्धात विलीस कंपनीची ती उघडी, चारही चाकांना ताकद असलेली गाडी त्यांनी पाहिली, आणि आपल्याकडच्या रस्त्यांना हीच चालेल असं ओळखलं. १९४७ पासून मुंबईत माझगावला सुटे भाग आणून जीप जुळवायला सुरुवात झाली. साठच्या दशकात याच घराण्यातून मालवाहू गाड्या निघाल्या, २००० साली बोलेरो आली आणि तिच्याच अंगाची ही पिकअप. ज्या शिडीसारख्या लोखंडी चौकटीवर आणि पाट्यांवर धाकट्याचा एवढा जीव आहे, ती बांधणी थेट त्या जीपकडून आलेली आहे.

पण तोपर्यंत मोहम्मद गेले होते. ऑगस्ट १९४७ मध्ये ते पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ साली कंपनीचं नाव बदलून महिंद्रा अँड महिंद्रा झालं. 'एम अँड एम' छापलेले कागद वाया जाऊ नयेत म्हणून दुसऱ्या एम च्या जागी पुन्हा महिंद्राच घातलं, असं सांगतात. खरं असो-नसो, गोष्ट व्यापाऱ्याच्या घरातली वाटते. अब्बांना ही गोष्ट फार आवडली. आमच्याही घरात दादांच्या नावाची पावतीपुस्तकं अब्बांनी बारा वर्षं वापरली होती.

गुलाम मुहम्मद यांची पुढची कहाणी फारशी गोड नाही. लियाकत अली खान यांच्या हत्येनंतर १९५१ साली ते गव्हर्नर जनरल झाले. १९५३ मध्ये त्यांनी पंतप्रधान नाझिमुद्दीन यांना घरी पाठवलं आणि २४ ऑक्टोबर १९५४ ला देशाची घटना लिहिणारी संविधान सभाच बरखास्त केली. पाकिस्तानात लोकशाहीची गाडी रुळावरून घसरली ती इथून, असं तिथले अभ्यासकही म्हणतात. त्यानंतर तीनच महिन्यांनी, २६ जानेवारी १९५५ ला, ते दिल्लीत प्रजासत्ताक दिनाचे प्रमुख पाहुणे होते. स्वतःच्या देशाची घटना होऊ न देणारा माणूस शेजाऱ्याच्या घटनेच्या वाढदिवसाला संचलन बघत बसलेला, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. पुढच्याच वर्षी, १९५६ ला, ते वारले.

त्यांच्याबद्दलची एक गोष्ट आमच्या जिल्ह्याशी जोडलेली आहे, आणि त्या सेल्समन पोराला मी ती सांगायला विसरलो. कंपनी काढण्याच्या आधी चाळीसच्या दशकात काही काळ गुलाम मुहम्मद निजामाच्या सरकारात अर्थखातं सांभाळत होते. आमचा उस्मानाबाद जिल्हा तेव्हा निजामाचा. म्हणजे ज्या तिजोरीचा हिशेब हा माणूस बघत होता, तिच्यात आमच्या दादांच्या बैलगाडीचेही चार पैसे पडत होते.

कसे ते सांगतो. नळदुर्ग निजामाच्या मुलखात, सोलापूर इंग्रजांच्या. मध्ये सरहद्द आणि सरहद्दीवर जकातीचा नाका. हैदराबाद संस्थानात या खात्याला 'करोडगिरी' म्हणत. संस्थानाचं चलनही वेगळं, हाली सिक्का. सात रुपये हालीचे द्यावेत तेव्हा सहा रुपये कलदार मिळत. दादा माल भरून संध्याकाळी निघत, नाक्यावर पावती फाडत आणि पहाटे सोलापुरात पोहोचत. माल विकून कलदार घेत, परत येताना पुन्हा हालीचा हिशेब. माझ्याकडं करोडगिरीची एक पावती आहे. वर 'सरकार-ए-आली', खाली तारीख बहमन १३५२ फसली, म्हणजे साधारण १९४२ सालचा डिसेंबर. मालाचं नाव दुमडीवर आल्यानं पुसलं गेलंय. घरात ती पावती वाचता येणारा मी एकटाच. अब्बांना उर्दू बोलता येतं, वाचता येत नाही, कारण त्यांच्या शाळेच्या वयात शाळा मराठी झाली होती. १९३२ साली निजामाच्या रेल्वेखात्यानं सत्तावीस बसगाड्या घेऊन सरकारी मोटारसेवा सुरू केली, पण दादांसारख्यांचा माल बैलांवरच चालला.

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे याच रस्त्यानं सोलापूरहून भारतीय सैन्य आत आलं. मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या हाताखालच्या फौजेची पहिली चकमक नळदुर्गलाच झाली. बोरी नदीवरचा पूल उडवला जायच्या आत सैन्यानं तो ताब्यात घेतला आणि पुढचा रस्ता मोकळा झाला. १७ सप्टेंबरला निजामानं शरणागती पत्करली. दर वर्षी १७ सप्टेंबरला मी शाळेत झेंड्याला सलामी देतो, मुक्तिसंग्रामावर भाषण करतो, आणि ते मनापासून करतो. रझाकारांनी या भागात काय केलं ते मला ठाऊक आहे. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा आमच्याच जिल्ह्यात होतं. ते लपवून मुसलमानांचं भलं होत नाही.

पण आमच्या दादीच्या तोंडी मुक्तिसंग्राम हा शब्द नव्हता. ती 'पोलीस ॲक्शन' म्हणायची, तोही एकच शब्द असल्यासारखा: पोलिसाक्शन. कुणाचा जन्म, कुणाचं लग्न, सगळं तिच्या लेखी पोलिसाक्शनच्या आधीचं किंवा नंतरचं. सैन्य पुढं गेल्यावर मागं गावागावांत जे झालं त्याची चौकशी करायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. काझी अब्दुल गफ्फार तिच्यात होते. संस्थानात सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज. सर्वांत जास्त झळ बसलेले चार जिल्हे तिनं नाव घेऊन सांगितले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. मुसलमानांना वाचवायला घरं उघडणारे हिंदू शेजारीही त्याच गावांत होते.

आमचं कुटुंब अशाच एका घराच्या कडब्याच्या गंजीमागं अकरा दिवस होतं. अब्बा तेव्हा दीड वर्षाचे. रडू नये म्हणून दादीनं त्यांना अफूचं बोट चाटवलं होतं, हे ती सांगायची आणि दर वेळी तोबा करायची. बाहेर आले तेव्हा बैल सुखरूप होते, त्या पाटलानं आपल्या गोठ्यात बांधले होते. गाडी जळाली होती. तिचे दोन लोखंडी धाव तेवढे राखेत सापडले.

ज्यांच्याकडं रेल्वेचं तिकीट, ओळख आणि दुसरीकडं उभं राहण्याइतका पैसा होता, त्यांच्यातले काही कराचीला गेले. गुलाम मुहम्मदांसाठी तिकडं मंत्रिपद ठेवलेलं होतं. दादांसाठी कुठं काहीच ठेवलेलं नव्हतं. ते का गेले नाहीत, असं मी दादीला एकदा विचारलं होतं, बी.एड. करत असताना, जरा मोठ्या आवेशात. मला वाटलं होतं ती मातीबद्दल, वतनबद्दल काही बोलेल आणि मी ते निबंधात घालीन. ती म्हणाली, "कां जाते? सीताफल का मोसम था." सप्टेंबरअखेर आमच्याकडं सीताफळं उतरतात. पाटलाकडून एक जुनी गाडी उसनी आणली, दोन्ही धाव तिच्या चाकांवर चढवले आणि दादा सोलापूरला निघाले. वाटेत नाका होता, पण पावती फाडायला कुणी नव्हतं.

म्हणून 'तो मोहम्मद कुठं गेला' याचं उत्तर देताना मी अडखळलो. एक मोहम्मद गेला आणि इतिहासात त्याचं नाव राहिलं, सिंधमध्ये कोटरीच्या धरणालाही त्याचं नाव दिलंय. ते धरणही योगायोगानं हैदराबादजवळच, सिंधमधल्या. जे गेले नाहीत त्यांची नावं कुठल्याच पाटीवर नव्हती, त्यामुळं ती काढायचाही प्रश्न आला नाही. त्यांच्या नातवाचा पत्ता मात्र कॉम्प्युटरमध्ये बसत नाही.

त्या शुक्रवारी गाडी घेऊन आम्ही धाराशिवहून तुळजापूरमार्गे नळदुर्गला गेलो. धाकटा चालवत होता, अब्बा मध्ये, मी दाराशी. घाटात त्यानं उगाच दोनदा गिअर बदलून इंजिनाचा आवाज ऐकला. घरी पोहोचल्यावर गल्लीतल्या पोरांनी हौद्यात चढून उड्या मारल्या. अम्मीनं लिंबू-मिरची बांधू दिली नाही, पण काळा दोरा मात्र स्वतःच आरशाला बांधला. अब्बांनी खाली वाकून पाटे पाहिले, हातानं चाचपले, आणि धाकट्याला विचारलं, "हप्ता कब से शुरू?"

"पाच तारीख से. अगले महिने की."

"और सीताफल कब उतारते?"

"कल."

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला पहिली खेप निघाली. एमएच-२५ ची पक्की पाटी अजून आली नव्हती, म्हणून नियमाप्रमाणं माल भरता येत नाही, असं मी बजावलं होतं. धाकट्यानं ऐकलं. सीताफळं शेजाऱ्याच्या छोट्या हत्तीतून गेली आणि नवी पिकअप दारात उभी राहिली. अब्बा खुर्ची टाकून तिच्या सावलीत बसले होते.